भारोभार

शनिवारी सकाळी न्हाणीच्या मोरीशी मुंग्या लागल्या. आईने त्या केरसुणीने झाडल्या, वरून तांब्याभर पाणी ओतलं, आणि ती शेगडीशी जाऊन बसेपर्यंत त्या परत आल्या. भिंतीच्या फटीतून निघालेली काळी रांग सरळ त्या कोपऱ्याकडे जात होती जिथे माझा धाकटा भाऊ देवीदास रात्री उठून लघवीला बसायचा.

"गुळाचे हात धुतले असन कोनी," आई म्हणाली.

गूळ अजून घरात आलाच नव्हता. तो दुपारी दुर्गच्या बाजारातून यायचा होता.

आमच्या घरातला तो शेवटचा साधा दिवस. माघ महिना होता, उन्हात बसावंसं वाटत होतं. समोरच्या क्वार्टरमधले पंजाबी बाज टाकून दाढी विंचरत होते. नव्या भट्टीचं काम चालू होतं त्या बाजूने लोखंड ठोकल्याचा आवाज येत होता, आणि त्याची आम्हाला इतकी सवय झाली होती की तो थांबला की माणसं मान वर करून बघत.

देवीदास पाटावर बसून खात होता. पुढे तुपात बुडवलेली पोळी, तिच्यावर साखर, शेजारी वाटीत शिरा. तो नऊ वर्षांचा होता. चेहरा फुगून असा गोल झाला होता की डोळे आत ओढल्यासारखे दिसत. गालांवर बारीक काळी लव आली होती. मानेच्या मागे, खांद्यांच्या मध्ये, मांसाचा एक उंचवटा आला होता आणि आत्या त्याला वशिंड म्हणायची. पोट मांडीवर येऊन टेकत होतं. सदरा वर सरकला की पोटावरच्या जांभळ्या भेगा दिसायच्या, कातडं आतून फाटल्यासारख्या.

बाबा रात्रपाळी करून आले आणि बूट न काढताच त्याच्यासमोर उकिडवे बसले. त्यांचं नाव भाऊराव. ते कारखान्यात रिगर होते. जड लोखंड साखळ्यांनी आणि चेनपुल्लीने उचलून जागेवर बसवायचं, हे त्यांचं काम. हातांना ग्रीस होतं. त्याच हाताने त्यांनी पोळीचा तुकडा मोडला आणि देवीदासच्या तोंडाशी धरला.

"खा बेटा. उद्या तुले तोलाचं हाये."

देवीदासने तोंड उघडलं. चावता चावता तो बाबांकडे बघत होता. ओठांच्या कोपऱ्यातून तूप ओघळून हनुवटीच्या वळीत शिरलं, आणि बाबांनी ते अंगठ्याने पुसून अंगठा स्वतः चाटला.

मी उठून बाहेर गेले. शाळेच्या वह्या तपासायच्या होत्या. सेक्टरातल्या प्राथमिक शाळेत मी शिकवत असे, आणि चोवीस वर्षांची असून लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे वह्या तपासणं हे मला घरातून बाहेर पडायला मिळालेलं एकमेव चांगलं निमित्त होतं.

बाहेर तुळसाआत्या तांदूळ पाखडत होती. ती बाबांची थोरली बहीण, साकोलीकडच्या आमच्या गावाहून खास उद्याच्या तोलण्याच्या सोहळ्यासाठी आलेली.

"कावून वं, पोट्टं खाते तर तुले पाहावत नाई काय?" ती म्हणाली.

"पाहिलं तेवढं पुरे झालं, आत्या."

"तुह्यासारखी काडी नाई म्हून जळतेस." ती हसली. "तुले कोनी तोललं तर गूळ उरते."

माझ्यात आणि देवीदासमध्ये दोन भावंडं होती. दोघंही गावीच वारली, मी लहान होते तेव्हा. त्यांच्याबद्दल मला एवढंच आठवतं की आई त्यांना कडेवर घेई तेव्हा त्यांचे पाय लोंबत, आणि ते पाय नुसत्या काड्या होत्या. बाबा भिलाईला आले ते त्यानंतर. कारखान्याचा पाया खणत होते तेव्हा त्यांनी टोपल्या उचलल्या, मग रशियन साहेबांच्या हाताखाली साखळ्या बांधायला शिकले, मग क्वार्टर मिळालं, आणि त्या क्वार्टरमध्ये जन्मलेला नसला तरी त्यातच वाढलेला हा मुलगा. गावाहून कोणी आलं की बाबा आधी देवीदासचा सदरा वर करून दाखवत. पाहुणे पोटावर टिचकी मारत. त्यांना आनंद व्हायचा. मला लहानपणी जनावरांच्या बाजारात बघितलेलं आठवायचं, पण तसं मी कधी बोलले नाही.

त्याचा रोग आदल्या आषाढात कळला होता. नाकातून रक्त येऊन थांबेना, पिंढऱ्यांवर निळे डाग, रोज ताप. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या छातीच्या हाडातून सुईने काहीतरी काढून तपासलं आणि बाबांना आणि मला समोर बसवलं. बाईंचं नाव वरलक्ष्मी. आंध्रच्या होत्या, हिंदी ठोकळ्यासारखी बोलायच्या, प्रत्येक शब्द वेगळा. रक्ताचा कॅन्सर आहे, म्हणाल्या. बरा होत नाही. दोन तऱ्हेच्या गोळ्या आहेत, त्यांनी थांबतो. कोणाचा सहा महिने थांबतो, कोणाचा दोन वर्षं. परदेशात नवी औषधं निघताहेत. "हमको टाइम निकालना है," असं त्या म्हणाल्या, जणू त्यांनाही त्यात धरलेलं होतं.

बाबा त्याच रात्रीच्या गाडीने डोंगरगडला गेले आणि बमलाई देवीच्या पायऱ्या चढून नवस बोलून आले. पोरगा उठून बसला तर त्याच्या भारोभार गूळ वाटीन.

गोळ्यांनी तो उठून बसला. महिन्याभरात ताप गेला, डाग गेले. दर पंधरवड्याला मी त्याला दवाखान्यात नेत असे. तिथल्या बाकावर कुम्हारीची मथुरा असायची, त्याच्याच वयाची, त्याच रोगाची. तिचे वडील केवलराम रेल्वेत गँगमन, तेही आमच्याच भागातले. मथुरा मुळातच बारीक. गोळ्यांनी तिच्या तोंडात फोड आले होते, ती पेज पिऊन राहायची, अधूनमधून ओकायची, आणि ओकून झालं की देवीदासशी सागरगोटे खेळायला बसायची.

"तुह्या डोक्यावर केस नाई," देवीदास म्हणायचा.

"तुह्या डोक्यावर हाये, पन तुले मान कुठी हाये?" ती म्हणायची, आणि दोघं हसायची.

देवीदासला त्याच गोळ्यांनी भूक लागायची. अशी भूक मी कधी बघितली नव्हती. तो झोपेतून उठून भाताच्या भांड्यात हात घालायचा. एकदा मी त्याला कच्च्या बेसनाचा डबा मांडीवर घेऊन बसलेला पाहिला. तोंडाभोवती पिवळं पीठ, डोळे कुठेच नाहीत. आई पदराने डोळे टिपत हसली. तिला वाटलं, देवी पावली.

दिवाळीच्या आधी डॉक्टरीणबाईंनी त्याचं वजन केलं, पोटाला उजवीकडे बोटं रोवून बघितलं, आणि बाबांना मुद्दाम बोलावून घेतलं. मी बाजूला उभी होते.

"यह भूख बच्चे की नहीं है। दवा की है," त्या म्हणाल्या. "खाना बराबर दो। घी कम, मीठा कम, नमक कम। मोटे बच्चों को यह दवा ज़्यादा तंग करती है। खून में शक्कर चढ़ती है, जिगर सूजता है, फोड़ा हो गया तो भरता नहीं। फिर मुझको दवा कम करना पड़ेगा। दवा कम करूँगी तो बीमारी वापस आएगी। समझे?"

"जी. जी," बाबा म्हणाले. ते हात जोडून उभे होते.

"उस लड़की को देखो," बाई मथुराकडे बोट दाखवून म्हणाल्या. "उलटी करती है, मगर पूरी दवा ले रही है।"

बाबांनी मथुराकडे पाहिलं. तिचे पाय बाकावरून लोंबत होते. त्यांनी लगेच नजर काढून घेतली.

घरी आल्यावर आईने विचारलं, काय म्हणाली बाई. बाबांनी टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "औषध लागू पडलं म्हने. अंग धरून रायलं पोट्टं."

मी आईला स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. शब्द न् शब्द. आई ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिने बाबांकडे बघितलं. बाबा दारात येऊन उभे होते.

"तू शिकली म्हून भावाच्या तोंडचा घास मोजशील काय?" ते मला म्हणाले. ओरडले नाहीत. "दोन गेले माह्या हातानं, काडीसारखे. आता देवीनं भरून देल्लं तं ती डॉक्टरीन म्हनते, कमी कर."

त्यानंतर मी तुपाचा डबा वर ठेवू लागले. तो खाली यायचा. मी देवीदासला शाळेत सोबत नेऊ लागले. मधल्या सुट्टीत बाबा सायकलवर येऊन त्याला जिलेबी देऊन जायचे. माझ्या हातात होतं तेवढं मी केलं, आणि माझ्या हातात फार नव्हतं.

खरं तर ही गूळतुला दसऱ्यालाच करायची होती. तेव्हा देवीदास नुकता भरू लागला होता. पण तुळसाआत्याने निरोप पाठवला, आणि मग स्वतः येऊन समजावलं.

"आता तोलशील तर गुळाच्या दोन भेल्यात आटपते, भाऊ. लोक म्हनतीन, बमलाईले फसवलं. नवसाचं लेकरू उनं तोलू नये. भरू दे जरा."

बाबांना ते पटलं. ज्या माणसाला कुठल्या साखळीवर किती लोखंड टांगायचं हे नुसत्या नजरेने कळत असे, त्याला हेही पटलं. दसरा गेला, दिवाळी गेली, आणि देवीदासचं वजन हा आमच्या घरातला विषय झाला. शेजारी विचारत. बाबांचे सोबती पाळी सुटल्यावर येऊन त्याला उचलून बघत आणि पाठ धरल्याचं नाटक करत. मला हळूहळू माणसांच्या हातांचीच शिसारी येऊ लागली. सगळ्यांचे हात त्याच्या अंगावर असायचे. गाल धरणारे, मांडी दाबणारे, वशिंडाचा मुका घेणारी आत्या.

डिसेंबरात लघवीत साखर निघाली. डॉक्टरीणबाईंनी काचेच्या नळीत निळं औषध घेऊन त्यात थेंब टाकले, नळी तापवली, आणि निळं पाणी हिरवं होताना आम्हाला दाखवलं. भूक लावणाऱ्या गोळ्या त्यांनी निम्म्यावर आणल्या. मला म्हणाल्या, "तुम पढ़ी-लिखी हो।" मग नळी धुवायला गेल्या.

रविवारी सकाळी बाबांनी अंगणात तीन लाकडी बल्ल्यांची घोडी उभी केली. कारखान्यात जशी करत तशीच, पाय पसरून, मधोमध साखळी. साखळीला दुर्गच्या गूळवाल्याकडून आणलेला मोठा तराजू टांगला. त्याची पारडी लहान म्हणून एका बाजूला फळी दोरांनी बांधली, पाळण्यासारखी. गाठी इतक्या सुंदर होत्या की शेजारचा बंगाली फोरमन चहाचा कप घेऊन त्या बघायला आला. दुसऱ्या बाजूच्या पोत्यावर गुळाच्या भेल्या, आणि भेल्यांवर माश्या.

देवीदासला पिवळ्या साटीनचा नवा सदरा घातला होता. काखेत उसवला तो घालतानाच. आत्याने त्याला तोलण्याआधी दूध पाजलं. मग आणखी एक पेला. मग पाणी.

"तोलून होतवर मुताले जाऊ नको बरं," ती म्हणाली. "तेवढंच भर पडते."

लोक हसले. देवीदासही हसला, कारण लोक हसत होते. पण त्याला सारखी लघवी होत असे त्या दिवसांत, घटकेला तीनदा उठायचा. मी आत्याला म्हटलं, त्याला जाऊन येऊ दे. ती म्हणाली, मुहूर्त टळते.

त्याला फळीवर बसवलं. फळी खाली आली आणि बाबांनी दुसऱ्या पारड्यात पहिली भेली ठेवली, कपाळाला लावून. मग दुसरी. पारडं हललं नाही. लोकांनी आवाज केला. प्रत्येक भेलीला आवाज वाढत गेला. कोणीतरी म्हणालं, "भाऊराव, दुकान आनाव लागते." बाबा घामाने भिजले होते आणि त्यांचं तोंड असं उजळलं होतं की मी ते आधी कधी पाहिलं नव्हतं. देवीदासने दोन्ही दोर घट्ट धरले होते. त्याच्या मांड्या एकमेकींवर दाबलेल्या होत्या. तो माझ्याकडे बघत होता.

मग फळीवरून धार लागली.

साटीनचा सदरा भिजला, धार फळीच्या कडेवरून खाली मातीत पडली, थांबेना. मग आत्या मोठ्याने म्हणाली, "गंगा आली, गंगा," आणि अंगण हसून फुटलं. एका म्हाताऱ्याने खरोखर हात जोडले. बाबा हसत होते आणि त्यांनी आणखी एक भेली ठेवली, कारण पारडं अजून वर होतं. देवीदासने मान खाली घातली. मान नव्हतीच, हनुवटी छातीत रुतली. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मी पुढे होऊन त्याला उतरवू लागले तर बाबांनी मला कोपराने दूर केलं.

"थांब, थांब. काटा येऊ दे."

काटा आला. सगळ्यांनी गूळ वाटून घेतला. भेल्या दगडाने फोडल्या, तुकडे उडून मातीत पडले, मुलांनी ते उचलून चोखले. माश्या ओल्या मातीवर बसत होत्या आणि तिथून उठून गुळावर. बायका बोटं चाटत मला म्हणाल्या, भाऊ कसा देवासारखा बसला होता. मी त्याला न्हाणीत नेऊन धुतलं. ओला कपडा काढताना मला जांघेच्या वळीत, आत, एक लाल फोड दिसला. बोराएवढा. मी हात लावला तर त्याने माझा हात धरून ठेवला.

"दुखते?"

"नाई. बाबाले नको सांगू. गूळ वाटून होऊ दे."

मंगळवारी फोड फुटला. त्यातून आलेल्या वासाने मला ओकारी आली, आणि मला ती त्याच्यासमोर आवरावी लागली. बुधवारी ताप. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नळी तापवली तेव्हा निळं पाणी हिरव्यावर थांबलं नाही, पिवळ्यावर थांबलं नाही. विटेच्या रंगाचा गाळ तळाशी बसला. त्यांनी ती नळी बाबांसमोर धरली. बाबा म्हणाले, "गूळ खाल्ला काल-परवा, म्हून असन."

डोळे पिवळे झाले होते. यकृत सुजलं, फोडाचं विष अंगात भिनतंय, या अंगाला आता ते औषध सोसणार नाही, असं बाईंनी मला व्हरांड्यात सांगितलं. गोळ्या पूर्ण बंद केल्या. "इन्फेक्शन पहले," त्या म्हणाल्या. इंजेक्शनं सुरू झाली. त्यांनी त्यांच्याकडून काही कमी केलं नाही. त्या घरी जायच्या नाहीत. पण फोड भरेना, आणि दोन आठवड्यांनी त्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. आषाढात आलं होतं तसंच. पिंढऱ्यांवर निळे डाग उठले, सुजलेल्या, ताणलेल्या कातड्यावर. आधी बारीक पायांवर उठले होते तेव्हापेक्षा हे डाग मोठे दिसत होते.

शेवटचे चार दिवस तो फार बोलला नाही. उशीवर लाल डाग पडायचे, आई उशी उलटायची. बाबा डब्यात शिरा घेऊन येत आणि झाकण न उघडता परत नेत. एका सकाळी त्यांनी झाकण उघडलं, चमचा भरला, आणि त्याच्या रक्ताने काळ्या पडलेल्या ओठांना लावला. देवीदास शुद्धीत नव्हता. शिरा ओठांवर तसाच राहिला. मी तो ओल्या कापडाने पुसून काढला. त्याच दुपारी तो गेला.

त्याला उचलायला सहा माणसं लागली. परतताना त्यांच्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, खात्यापित्या घरचा पोरगा होता. चांगल्या मनाने म्हणाला.

तेरवीला अंगणात पंगत बसली, जिथे घोडी उभी केली होती त्याच जागी, कारण दुसरी जागा नव्हती. पळसाच्या पत्रावळींवर भात, पुऱ्या, वडे, आलू-वांग्याची भाजी, बुंदी. लोक जेवत होते. तेराव्याला लोक जेवतातच, त्यात त्यांचा काही दोष नाही. पण पत्रावळींवर वाकलेली ती तोंडं, ते चाललेले जबडे, तेल लागलेल्या मिशा हे मला भिंतीला पाठ लावूनच बघता येत होतं. बाबा पंगतीतून हिंडत आग्रह करत होते. "घ्या ना. माह्या पोराच्या नावानं घ्या." आणि प्रत्येक पाटापाशी एकच गोष्ट सांगत होते.

"चांगला उठला होता. वजन भरलं होतं. तुमी सगळ्यांनी पाह्यलं, कसा भरला होता. त्या डॉक्टरनीच्या औषधानं खाल्लं त्याले. पन उपाशी नाई गेला माहा पोरगा. दोन गेले तसा नाई गेला."

लोक माना हलवत. आई आतल्या खोलीत होती.

केवलराम उशिरा आले, कुम्हारीहून बसने. मथुराला सोबत आणलं होतं. तिच्या डोक्याला रुमाल बांधलेला, ओठांच्या कडा अजून सोललेल्या. ती पंगतीच्या टोकाला बसली आणि भाताची शितं एकेक करून खाऊ लागली. मला बघून तिने मान हलवली. देवीदास कुठे, हे तिने विचारलं नाही.

बाबा तिच्यासमोर जाऊन उकिडवे बसले.

"काय गा केवलराम, पोट्टी अशी कावून वाळून रायली?"

"काय सांगू भाऊ. तोंडात फोड येते. खावत नाई तिच्यानं. गोळ्या चालू हाये."

"गोळ्या." बाबांनी तो शब्द थुंकल्यासारखा म्हटला. "माह्या पोराले काय झालं, तुले माहीत हाये. बंद कर ते जहर. आजच बंद कर. पोट्टीले खाऊ घाल, तूप घाल. अंगात असन तर वाचते."

केवलरामांनी सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. "माहीबी बायको तेच म्हनते," ते म्हणाले. "तुमच्या पोराले पाहून तिनं मन टाकलं. तुमी म्हनता तर..."

"फेक," तुळसाआत्या म्हणाली. "फेक बापा, मोरीत फेक."

बाबांनी मूठभर बुंदी मथुराच्या पत्रावळीवर टाकली. मग चिमूट उचलून तिच्या तोंडाशी नेली. तिने तोंड मिटून घेतलं. त्यांनी तिची हनुवटी धरली, प्रेमानेच धरली, आणि बोटांनी तिचे ओठ उघडून बुंदी आत लोटली. सोललेल्या ओठांवर पाक लागला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती ओरडली नाही. तिने चावायला सुरुवात केली, आणि चावता चावता ती बाबांकडे बघत होती.

ते बघणं मला माहीत होतं.

"केवलरामभाऊ, ती पुडी खिशात ठेवा," मी म्हणाले.

माझा आवाज मोठा नव्हता, पण जवळची माणसं जेवायची थांबली.

"कमल, आत जाय," बाबा म्हणाले.

"चूप राह्य वं," आत्या म्हणाली. "पाहुने हाये."

"नाई जात. भाऊ, देवीदासले औषधानं नाई मारलं. त्याचं औषध आधी अर्धं केलं, मंग बंद केलं, म्हून रोग परत आला. अन् बंद कावून करा लागलं तर त्याच्या अंगाले ते सोसवेना. आमी त्याले भरून ठेवलं होतं. हे डॉक्टरीनबाईनं दिवाळीच्या आधी बाबाले सांगतलं. मी बाजूले उभी होती."

बाबांचा हात मथुराच्या हनुवटीवरच होता. "पोराले भूक लागे माह्या," ते म्हणाले. "तुमी सगळ्यांनी पाह्यलं. भूक लागे त्याले."

"लागे, बाबा. गोळ्या पुऱ्या होत्या तवर लागे. त्या अर्ध्या झाल्या अन् त्याची भूक मेली. त्याच्यानंतर त्याले एक दिवस भूक लागली नाई. माह्याजवळ निजून म्हने, ताई, घास पाह्यला का मले ओकारी येते. मी म्हटलं, मंग नाई म्हन ना. तर म्हने, नाई म्हटलं का बाबाचं तोंड उतरते. हे मी कोनाले सांगतलं नाई, आईलेबी नाई. आता सांगून रायली. तो तुमच्यासाठी खाये. मथुराच्या तोंडावरून हात काढा, बाबा."